एक बिननात्याची बाई पाहिजे

स्वतःचं पोर जन्माला घालायला परवाना लागत नाही. लागला असता तर आमच्या बेटावरचं बिनानुआ गाव अर्धं ओस पडलं असतं आणि नगरपालिका पूर्ण. पण दुसऱ्यानं टाकलेलं पोर उचलून त्याला भात भरवायचा म्हटलं, की सरकार चष्मा पुसून पुढं सरसावतं. विहीर किती लांब, नवरा किती पितो, खिडकीला गज आहेत का, कुत्र्याला सुई टोचलीय का. मानांग सोलिंगनं (थोरल्या बाईला इकडं मानांग म्हणतात) गेल्या तीन वर्षांत ही उत्तरं इतक्यांदा दिली होती, की जीप दारात थांबली रे थांबली की शेजारणी कुंपणावरूनच ओरडायच्या, "विहीर बावीस पावलं! नवरा फक्त रविवारी!"

त्या परवान्याची मुदत या शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती. नवा झाला नाही तर सात वर्षांची जेरलिन शनिवारी सकाळी शहरातल्या बालगृहात. तसा कागद तयारही होता. असले कागद सरकारात फार लवकर तयार होतात.

जेरलिन आली तेव्हा चार वर्षांची होती. आधी दोन घरं फिरून आलेली. सोबत पट्ट्यापट्ट्यांची एक प्लास्टिकची पिशवी, आत दोन फ्रॉक आणि दात पडलेला कंगवा. ती पिशवी तिनं तांदळाच्या पिंपामागे घडी करून ठेवली होती. दर महिन्याला जीप दिसली की पोर गुपचूप पिंपामागे जायची, फ्रॉक आणि कंगवा आत भरायची आणि पिशवी पायाशी घेऊन बसायची. जीप गेली की पुन्हा सगळं बाहेर. फ्रॉक आखूड होत गेले, नवे आले, पिशवी तीच. सोलिंग हे बघायची. जिचं तोंड अख्ख्या मासळीबाजाराला पुरून उरायचं, ती बाई या एका गोष्टीवर ब्र काढायची नाही.

घोडं अडलं होतं ते खाटेवर. 'मुलासाठी स्वतंत्र खाट : आहे / नाही.' इथं अख्खं घर एका चटईवर झोपतं. पण तो रकाना कुणीतरी थंड खोलीत बसून आखलेला. त्याच पानाच्या खाली दुसरा रकाना होता, 'शासकीय साहाय्य'. खाट नसल्यास कार्यालय देईल. वर जाब, खाली दिलासा. सोलिंगला ते वाचून फार बरं वाटलं होतं. तीन वर्षं झाली. वरचा रकाना दर महिन्याला जीपमध्ये बसून येत होता. खालचा अजून वाटेत होता. मध्ये सोलिंगच्या नवऱ्यानं, आंबोनं, बांबूची झकास खाट केली. ऑफिसनं कळवलं, ही धरता येणार नाही, खाटेच्या पायावर कार्यालयाचा क्रमांक पाहिजे. तेव्हापासून तिच्यावर मासळी वाळते.

एवढं असूनही परवाना सहज मिळाला असता. कारण तपासणीला यायच्या एदिथा पाल्मारेस मॅडम, आणि त्या माणूस होत्या. दर महिन्याला त्या खाटेपुढं 'नाही' लिहायच्या आणि कंसात 'मंजूर आहे' लिहायच्या. एवढ्या एका कंसावर जेरलिन तीन वर्षं या घरात राहिली. माती खाल्ली ती बाप्तिस्म्यात.

सरकारच्या ताब्यातल्या पोराचा बाप्तिस्मा करायचा तर वरून परवानगी लागते. एदिथा मॅडमनी वर्षभर खेटे घालून ती आणली. पाद्र्यानं विचारलं, "धर्माचे आईबाप कोण?" सोलिंगनं बहिणीचं नाव तोंडावर आणलं, तेवढ्यात जेरलिन म्हणाली, "मी सांगू?"

"सांग, इंदाय," पाद्री म्हणाला; इकडं लाडानं पोरीला इंदाय म्हणतात.

"जे मला बघायला येतात ते."

आणि पोरीनं बोटांवर नावं मोजली. एदिथा मॅडम. त्यांच्या जीपचा ड्रायव्हर. परवान्याचा कारकून, तो एकदा फोटो काढायला आला होता. भांडारवाला, तो खिडक्या मोजायला आला होता. आणि खुद्द कार्यालयप्रमुख पादेर्नाल साहेब, ते उत्सवाच्या दिवशी डुक्कर खायला आले होते. पाची बोटं संपली तेव्हा पोर थांबली.

धर्माचा बाप हो म्हणून कुणी पोराचं बोट पुढं केलं तर आपल्याकडं नाही म्हणत नाहीत. पाचही जण आले. पाचही जणांनी मेणबत्त्या धरल्या, चर्चच्या वहीत सह्या केल्या आणि तीनदा वाढून घेतलं. पोराला भेट म्हणून काय आणलं, ते विचारू नका. पादेर्नाल साहेबांनी आशीर्वाद आणला होता. सोलिंग मात्र खुशीत होती. पोरीची धर्माची आई आणि घरची आई एकमेकींच्या 'कुमारे' होतात; मग मॅडम-बिडम संपलं. भांडी घासताना ती आंबोला म्हणाली, "अख्खं ऑफिस घरातलं झालं बघ. आता कोण अडवतंय!"

तीन आठवड्यांनी एदिथा आली ती जीपमधून उतरेचना.

"या की मॅडम! अशा काय बसलात, सुतकात असल्यासारख्या?"

"मॅडम नका म्हणू हो मानांग. तिथंच तर मेख आहे." एदिथानं नव्या परवान्याचा फॉर्म काढला. "हे बघा. 'तपासणी अधिकाऱ्याचं सदर कुटुंबाशी रक्ताचं, लग्नाचं किंवा धर्माचं नातं आहे काय?' आहे लिहिलं, की सही बाद. मी तुमची कुमारे. साहेब कुमपारे. कारकून कुमपारे. ड्रायव्हरसुद्धा."

"मग नाही लिहा!"

"चर्चच्या वहीत सही आहे माझी! फोटोत मेणबत्ती आहे हातात!"

आंबो तीनचाकीची साखळी पुसत बसला होता. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा माणूस. त्यानं मान वर केली. "खाटेचा रकाना परक्यानं केलेला दिसतो," तो म्हणाला. "पण हा आपल्याच माणसानं केलाय."

शेजारच्या गावच्या ऑफिसला विनंती गेली. तिथून एक तरुण अधिकारी आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल, चेहऱ्यावर कायदा. फाटक ढकलून आत आला, आंबोला बघितलं आणि फाईल काखेतून खाली पडली.

"निनोंग आंबो! हे तुमचं घर?"

आणि वाकून आंबोचा हात त्यानं कपाळाला लावला.

निनोंग म्हणजे धर्माचा बाप; आणि आंबोला धर्माची पोरं एकतीस. माणसाकडं एक बरा पांढरा अंगरखा होता आणि नाही म्हणायची सोय नव्हती; किनाऱ्यावरच्या चार गावांत ज्याच्याकडं धर्माचा बाप कमी पडेल, तो आंबोला घेऊन जायचा. अधिकारी पायरीवर बसला आणि डोकं धरलं.

"निनोंग, नाताळात भेट मागायला आलो तर तुम्ही कधी सापडला नाहीत, आणि आजच बरे सापडलात!"

"दरवर्षी लपत होतो," आंबो म्हणाला. "एकतीस आहात."

"अरे, मग तुझ्या ऑफिसातलं दुसरं कुणी पाठव!" सोलिंग कडाडली.

"माझी साहेबीण यांची कुमारे आहे, मानांग. तिच्या मधल्या मुलाचे हे धर्माचे बाप."

"मधल्याचा नाही," आंबो म्हणाला. "थोरल्याचा."

सोलिंगनं हातातली पळी नवऱ्याच्या दिशेनं फेकली. ती कोंबडीला लागली.

त्या आठवड्यात गावात एकच शोध चालू होता. एक बिननात्याची बाई पाहिजे. बाप्या असला तरी चालेल, पण बिननात्याचा. या गावात तर सगळ्यांची आडनावंसुद्धा 'प'नंच सुरू होतात. कुठल्याशा स्पॅनिश साहेबानं पूर्वी आडनावांच्या वहीतलं एक पान फाडून गावाला वाटलं आणि वाटणी झाली. नात्यात नसलेलं माणूस म्हणजे एक तर मेलेलं, नाहीतर जपानला गेलेलं. शेवटी विभागीय कचेरीतून निरोप आला. गुरुवारी सकाळी झेनायदा किंतानार मॅडम येतील. दुसऱ्या बेटावरच्या, सेबूच्या. इकडं बदली होऊन सहा आठवडे झालेत. लग्न नाही, या बेटावर कुणी नातलग नाही, भाषासुद्धा धड येत नाही. सही आणि शिक्का दोन्ही त्यांच्याच जवळ.

"किंतानार!" एदिथा फोनवर अक्षरशः ओरडली. "मानांग, 'क'! 'क' आहे 'क'!"

बुधवारी दुपारी सोलिंगनं गल्ली गोळा केली.

"कान देऊन ऐका. ही बाई नात्यात यायला नको. उद्या कुणी तिला मानांग म्हणायचं नाही. इंदाय म्हणायचं नाही. जेवलात का विचारायचं नाही."

"जेवलात का, एवढंही नाही?" समोरची पुरिता हादरली. पुरिता म्हणजे सुमान, पानात गुंडाळलेला चिकट भात, विकणारी. रस्त्यानं जाणाऱ्या कुत्र्यालाही ती जेवलास का विचारते.

"तेच तर पहिलं! तू जेवलात का विचारणार, ती बसणार, तू वाढणार, मग तुमचं गाव कुठलं, मग माझी मावशी सेबूला दिली होती, आणि घटकाभरात ती तुझ्या मावसजावेची नणंद निघणार. मग मी काय करू? जपानहून बाई आणू?"

पुरितानं ओठ आवळले. गल्लीनं ओठ आवळले. या लोकांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणाशी तुटक वागायचं होतं, आणि त्यांनी ते काम फार मनावर घेतलं.

झेनायदा किंतानार गुरुवारी साडेनऊला आल्या. पंचेचाळिशीची उंच, हाडकुळी बाई. केस घट्ट बांधलेले, बूट पुरुषी, छत्री काळी. तोंडावर हसू म्हणून नाही. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी विचारलं, "आंब्रोसियो पामा यांचं घर?" म्हणजे आंबोचंच.

तीन बायका आणि एक न्हावी तिथं बसले होते. चौघांनी चार दिशांना बघितलं. शेवटी न्हाव्यानं कात्रीनं दिशा दाखवली, तीही चुकीची. पुरितानं आपल्या सुमानच्या टोपलीवर फडकं टाकलं. फडक्याखालून नारळाच्या दुधाचा वास येत होता आणि मॅडमची नजर क्षणभर टोपलीवर थांबली. पुरितानं टोपली पाठीआड ओढली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात.

मॅडमनी उभ्याउभ्या वही काढून लिहिलं. घराच्या दारातच ते शब्द सोलिंगच्या नजरेला पडले. 'शेजार : वैरभावाचा. कुटुंब एकाकी.'

हे सोलिंगच्या हिशेबात नव्हतं. पण आता उलटं फिरायचं कसं? ती दारात खांबासारखी उभी राहिली.

"आत येऊ?"

"या."

"बसू?"

"बसायचं तर बसा."

बिनानुआच्या इतिहासात पाहुण्याला असं कुणी बोललं नसेल. मातीत गाडलेल्या सासूनं कूस बदलली असेल. चुलीवर तुरीचे दाणे, डुक्कर आणि फणस घातलेलं कालवण रटरटत होतं, सोलिंगनं सवयीनं पहाटेच टाकलेलं, वास घरभर. तिनं जाऊन झाकणावर दगड ठेवला.

मॅडमनी विहीर मोजली. बावीस पावलं. त्यांच्या ढांगेनं अठरा. खिडक्या बघितल्या, कुत्र्याचा कागद बघितला. मग अंगणातल्या बांबूच्या खाटेपाशी थांबल्या.

"ही मुलीची खाट?"

"नाही. मासळीची."

"मुलीची कुठं आहे?"

"मंजूर आहे."

"मी विचारलं, कुठं आहे?"

तीन वर्षांचं साठलेलं सोलिंगच्या ओठांवर आलं. बोलली असती तर सेबूपर्यंत ऐकू गेलं असतं. पण पिंपामागे खुडबुड ऐकू आली आणि तिनं जीभ चावली. "नाही आली अजून," एवढंच म्हणाली.

'स्वतंत्र खाट :' एवढं वाचून मॅडमनी पेन टेकवलं, मग उचललं. "आधी मुलीशी बोलते. एकटीशी. नियम आहे."

नियम असेल; भिंत बांबूच्या चटयांची आहे. सोलिंग आणि आंबो बाहेर जाऊन भिंतीला कान लावून उभे राहिले. पलीकडच्या कुंपणाला पुरिता आणि न्हावी.

आत जेरलिन पिशवी पायाशी घेऊन बसली होती.

"नाव?"

"जेरलिन."

"इथं कुणी मारतं का?"

"नानाय चप्पल फेकते. पण तिला नेम नाही."

भिंतीबाहेर पोरीच्या या आईनं, सोलिंगनं, डोळे मिटले. आंबोनं पुटपुटत पुरावा दिला, "खरंय ते."

"रागावतं कोण?"

"नानाय. सगळ्यांवर. टीव्हीवरच्या बाईवरपण."

"बरं. अडचण आली, कुणी त्रास दिला, तर तू कुणाकडं जाशील?"

या प्रश्नाला पोर खुलली. "निनांग एदिथाकडं. तिचा फोन मला पाठ आहे. ती नसेल तर निनोंग ड्रायव्हर, तो शाळेवरून जाताना हॉर्न देतो. मग पुरिताकाकी, ती मला सुमानची टोकं देते. मग न्हावीमामा. मग निनोंग पादेर्नाल. पण दुपारी नाही, दुपारी ते झोपतात."

"शेजारी देतात तुला खायला?" मॅडमच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. "मला तर कुणी रस्ताही सांगेना."

"तुम्हाला नाहीच सांगणार. नानायनं सांगितलंय, तुमच्याशी कुणी गोड बोलायचं नाही. जेवलात का पण विचारायचं नाही. गोड बोललं तर तुम्ही नात्यात येणार, आणि नात्यात आलात तर मला घेऊन जाणार."

भिंतीबाहेर चौघांनी एकमेकांकडं बघितलं. न्हाव्यानं छातीवर क्रूसाची खूण केली.

आत वहीचं पान उलटलं. मग मॅडमनी विचारलं, "ही पिशवी कशाला?"

"जीप आली की भरते."

"दरवेळी?"

"हो. परत रिकामी करते ना."

फॉर्ममध्ये पिशवीचा रकाना नव्हता. मॅडमचं पेन वहीवर तसंच थांबलं. सोलिंगला फटीतून पेनाचं टोक दिसत होतं, आणि तिला वाटलं, संपलं. पोरीनं सगळं सांगून टाकलं. खरं बोलायला आपणच शिकवलं होतं, घ्या आता.

"एकच राहिलं," मॅडम म्हणाल्या. "तुला स्वतःची खाट नाही."

"आहे की!" जेरलिन चिडली. "पांढरी. लोखंडाची. पायावर एकवीस लिहिलंय."

"कुठं आहे?"

"ऑफिसात. निनोंग भांडारवाल्यानं मला दाखवली होती, नाताळच्या आधी. सध्या त्यावर निनोंग पादेर्नाल झोपतात. ते म्हणाले, तुझ्यासाठी ऊबदार करून ठेवतोय."

झेनायदा किंतानार उठल्या. उठताना खुर्ची मागं पडली. दार उघडलं तर भिंतीला चिकटलेली चार माणसं समोर.

"तीनचाकी कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

गाडी आंबोची, म्हणजे चालवणारा तोच. मागे मॅडम आणि सोलिंग, मध्ये जेरलिन, जेरलिनच्या मांडीवर पिशवी. मॅडमच्या काळ्या छत्रीचं टोक आंबोच्या मानेला टोचत होतं आणि तो आयुष्यात कधी नव्हे इतका वेगानं चालला होता. सोलिंगला हे कळत नव्हतं की आपण जिंकायला निघालोय की पोरगी स्वतःच्या हातानं पोचवायला.

ऑफिसात पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. बाहेरच्या खोलीत कारकून, ड्रायव्हर आणि एदिथा डबे उघडून बसलेले. मॅडमना बघून तिघं उभे राहिले. मॅडम थांबल्या नाहीत. मागच्या खोलीचं दार त्यांनी छत्रीनं ढकललं.

पांढरी लोखंडी खाट. पायावर एकवीस. गादीचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. त्यावर कार्यालयप्रमुख पादेर्नाल, बूट काढून, पोटावर 'बालकांचे हक्क' नावाची पुस्तिका उघडी, तोंडही उघडं. दर श्वासाला प्लास्टिक करकरत होतं.

"एदिथा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ही खाट कधी आली?"

"ऑक्टोबरात, मॅडम."

"आठ महिने!" सोलिंगचा बांध फुटला. "आठ महिने दर महिन्याला येऊन विचारताय मला, खाट का नाही, खाट का नाही, आणि खाटेवर हा रेडा! अहो, मी तुमच्याच हातानं 'नाही' लिहून घेतेय, आणि तुमच्याच ढुंगणाखाली आहे ती!"

पादेर्नाल साहेब जागे झाले. समोर किंतानार, छत्री, सोलिंग आणि पोर. त्यांनी आधी पुस्तिका सरळ धरली.

"मी... टिकाऊपणा तपासत होतो."

"खाट सोडली का नाही?" मॅडमनी विचारलं.

उत्तर भांडारवाल्यानं दिलं. तो दारामागे उभा होता, आणि त्याला नियम तोंडपाठ. "मॅडम, खाट सोडायची तर परवाना किमान सहा महिने पुढचा लागतो. यांचा आठच महिने उरला होता, कागद फिरेपर्यंत पाचच उरले. आता नवा परवाना आला की लगेच सोडतो."

"आणि नवा परवाना कशावर अडलाय?"

खोलीतल्या सगळ्यांनी खाटेकडं बघितलं. साहेबांनी खाटेवरून पाय खाली घेतले.

ऐका आता. हे एकट्या पादेर्नालचं नाही. पादेर्नाल जाईल, दुसरा येईल, तोही जेवून झोपेल. पोराकडं लक्ष ठेवायला सरकारजवळ जीप आहे, पेट्रोल आहे, पाच माणसं आहेत, तिप्पट कागद आहे. द्यायची वेळ आली की एक खाट, आणि तिच्यावरही सरकारच झोपलेलं.

मॅडमनी टेबलावरचा डबा बाजूला सारला आणि फॉर्म पसरला. वाचत गेल्या आणि लिहीत गेल्या, मोठ्यानं, सेबूच्या त्या खडबडीत उच्चारात.

"'अधिकाऱ्याचं कुटुंबाशी नातं.' नाही. 'शेजार.'" 'वैरभावाचा' त्यांनी खोडलं. "'अतिप्रेमळ. आवरावा लागतो.' 'शिक्षा.' चप्पल. नेम नाही. 'मुलासाठी स्वतंत्र खाट, आहे की नाही.'"

त्या उठल्या, खाटेपाशी गेल्या, छत्रीनं पायावरचा एकवीस ठोकून बघितला. ठण्ण वाजलं.

"आहे," त्यांनी लिहिलं. "कुठं आहे, ते या रकान्यात विचारलेलं नाही."

सही केली. शिक्का उमटवला. फुंकर घातली. दुपारचा एक वाजून दहा मिनिटं. परवाना, तीन वर्षं. सोलिंगनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि ती आंबोवर ओरडली, "उभा काय राहिलास? गाडी आण!"

"खाट तीनचाकीत मावणार नाही," आंबो म्हणाला.

"पाच जण आहेत की," किंतानार मॅडम म्हणाल्या. "धर्माचे आईबाप. बाप्तिस्म्याला काही दिलं होतं का कुणी?"

तिघांनी डबे बंद केले, साहेब बूट शोधू लागले.

दुपारी दोनच्या उन्हात बिनानुआच्या मुख्य रस्त्यावरून समाजकल्याण कार्यालय चालत निघालं. चार पायांना चौघं: एदिथा, कारकून, ड्रायव्हर, भांडारवाला. मागून पादेर्नाल साहेब, गादी डोक्यावर. शाळा सुटलेली, पोरांना वाटलं मिरवणूक आहे, आणि ती मागं लागली. गल्लीच्या तोंडाशी न्हाव्यानं कात्री वर करून दिशा दाखवली, या वेळी बरोबर.

पुरिता रस्त्याच्या मधोमध उभी होती. तिनं सोलिंगकडं बघितलं. सोलिंगनं परवाना वर धरला.

"झाली सही?"

"झाली!"

"शिक्का?"

"वाळला!"

"मॅडम!" पुरिता धरणाचं दार उघडावं तशी फुटली. "जेवलात का? सकाळपासून जेवलात का? अहो, केवढ्या वाळलात! बसा! इथं बसा! सेबूत कुठल्या तुम्ही? माझी मावशी—"

"पुरिता!" सोलिंग ओरडली. "मावशी काढलीस तर याद राख! तीन वर्षांनी ही बाई परत लागणार आहे मला!"

कालवणावरचा दगड निघाला. मॅडमनी छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली, चटईवर मांडी घातली आणि हातानं जेवल्या. फणस दोनदा घेतला. नवी खाट अंगणात मासळीच्या खाटेशेजारी ठेवली होती, कारण दारातून आत जात नव्हती. दार किती रुंद असावं हा रकाना फॉर्ममध्ये होता, पण खाट किती रुंद असावी हा नव्हता. आंबो दाराची चौकट काढायला बसला. पादेर्नाल साहेब त्याला खिळे देत होते.

मॅडम जायला उठल्या. पाहुण्याला रिकाम्या हातानं कोण सोडतं? पुरितानं पंधरा सुमान काढले, सोलिंगनं डबाभर कालवण, न्हाव्याच्या बायकोनं वाळकी मासळी. मॅडम नको नको म्हणत होत्या, आणि ऐकत कुणी नव्हतं.

"पिशवी आण गं कुणीतरी!" सोलिंग हातातलं सांभाळत म्हणाली. "कशात बांधू हे?"

जेरलिन आत पळाली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती पट्ट्यापट्ट्यांची पिशवी होती. तिनं ती उलटी करून झटकली. दोन फ्रॉक आणि कंगवा नव्या खाटेवर पडले. मग पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून ती मॅडमसमोर उभी राहिली.

"यात मावेल सगळं," ती म्हणाली. "सुमान खाली ठेव नानाय, नाहीतर चेपतील."

सोलिंगनं सुमान खाली ठेवले. मग डबा. मग मासळी. वर बघितलं नाही तिनं. पिशवीचे बंद बांधताना तिला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

"परत द्यायला येऊ का पिशवी?" किंतानार मॅडमनी विचारलं.

"नको," जेरलिन म्हणाली. "ठेवा तुम्हालाच."